गंगाक्काचे घर

संपादकांचे पोस्टकार्ड दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. शाळा नुकती सुरू झालेली असते. टेबलावर दाखल्यांचे गठ्ठे, बाहेर बाकावर पालक, आणि त्या गर्दीत हे कार्ड. मजकूर ठरलेला. यंदाही आपली रहस्यकथा हवी, ऑगस्टअखेर हाती आल्यास बरे, मानधनाची अडचण आपण जाणताच. ती अडचण मी २००९ सालापासून जाणून आहे. २०१७ सालच्या कार्डावर मात्र एक ओळ जास्त होती. रणधीरला यंदा सुट्टी द्यावी. वाचक गंगाक्काविषयी विचारतात, तिचीच एक मालिका सुरू करता येईल का ते पाहावे.

लेखकाला याहून मोठी पावती ती कोणती? पण मला आनंद झाला नाही. मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकले आणि त्यावर हजेरीपट ठेवला.

रणधीर हा माझा गुप्तहेर. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. कुठे काही घडले की मुंबईहून जीप घेऊन बेळगावात उतरतो. एवढ्या लांबून त्यालाच का बोलावतात, हे मी एकाही कथेत नीट सांगितलेले नाही आणि कुणी विचारलेही नाही. त्याची वंशावळ मात्र सरळ सांगता येईल. आमच्या लहानपणी शहापुरात गल्लीच्या टोकाला भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. तिथे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भेटला, काळापहाड भेटला, धनंजय आणि त्याचा छोटू भेटला. पुढे गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज आला आणि कॉलेजात जाईपर्यंत सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन. गणिताच्या वहीत दडवून वाचलेली ही मंडळी. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या हाती पुस्तक लागले की ते थेट बंबात जाई आणि दुकानदाराचा दंड मला भरावा लागे. या सगळ्यांचे थोडेथोडे उसने घेऊन रणधीर उभा राहिला. उसन्या सामानाचा संसार तो. रणधीर तोंड उघडण्याआधीच तो काय बोलणार हे मला ठाऊक असे, आणि वाचकांनाही असावे.

गंगाक्का आली ती गरज म्हणून. २०१० सालच्या कथेत टिळकवाडीतल्या एका बंगल्यातून पहाटे साडेपाचला कोणीतरी पळून जाते, आणि ते कुणीतरी पाहायला हवे होते. त्या वेळी जागे कोण? दूध घालणारी बाई. म्हणून तिला आणली, डोक्यावर चरवी दिली आणि रणधीरच्या प्रश्नाला तिच्याकडून उत्तर देवविले: 'कोण बघितली म्हणून काय विचारतासा साहेब? मी बघितली की. तो बाई मागच्या दारानं गेला.'

आता तो गेला की ती गेली? रणधीर अर्धे पान या एका वाक्यापाशी अडून बसतो. पळालेला पुरुष होता की बाई, हेच त्या कथेतले कोडे ठरले. वाचक पोट धरून हसले. मग दुसऱ्या वर्षी गंगाक्का पुन्हा आली, तिसऱ्या वर्षी आली, आणि नंतर तिच्या चार ओळींवाचून कथा पुरी होईना. बाजारात माणसे थांबवून म्हणत, 'सर, तुमची गंगाक्का झकास हो.' रणधीरचे नाव कोणी काढत नसे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा नववीच्या मुलाने लुगडे नेसून तिचा प्रवेश केला. तेव्हा पहिल्या रांगेत बसून मीही हसलो. सगळे वळून माझ्याकडे पाहत होते, कारण लेखक मी.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. गंगाक्काची ती मराठी मी कल्पनेने रचलेली नव्हती. ती माझ्या आईची होती.

आई बैलहोंगलकडची. १९६७ साली लग्न होऊन शहापुरात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या भागात असे संसार घरोघरी आहेत, त्याचे कुणाला काही वाटत नाही. सासूशी, नळावरच्या बायकांशी, भाजीवालीशी बोलत बोलत ती मराठी शिकली; पण लिंगाची गाठ तिला शेवटपर्यंत सुटली नाही. तिच्या भाषेत पुरुष तो, बाई ती, आणि उरलेली सगळी दुनिया एका लिंगात. तिच्या दृष्टीने चोख व्यवस्था. आम्ही मात्र तांब्या तो म्हणतो, कळशी ती म्हणतो आणि पातेले ते. एकाच मांडणीवर बसलेली तीन भांडी, एकाच राखेने घासलेली, आणि तीन लिंगे! मराठीचा मास्तर म्हणून पंचवीस वर्षे मी मुलांना हे शिकवले. यामागचे कारण मला अजून सांगता आलेले नाही.

तिचे शिक्षण कन्नड शाळेत, सातवीपर्यंत. कन्नड सुरेख वाचते. मराठी अक्षरे मात्र तिने कधी शिकून घेतली नाहीत. वेळ कुणी दिला असता? हेच माझे अभय होते. दिवाळीचा अंक घरी आला की ती सौ.ला माझे छापलेले नाव दाखवायला सांगे, त्यावरून एकदा बोट फिरवी आणि अंक देव्हाऱ्यापाशी ठेवी. पाडव्यापर्यंत तो तिथे असे. आत काय आहे हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

तेव्हा संपादकांचे कार्ड मी हजेरीपटाखाली का घातले, हे आता ध्यानात यावे. चार ओळींची गंगाक्का हाताळणे सोपे होते. मालिका म्हटली की तिला कथेच्या मधोमध बसवायचे आणि पंधरा पाने तिच्याकडे बघत राहायचे.

दुय्यम पात्राला स्वतंत्र संसार थाटून देणे हे आमच्या संपादकांनीच काढलेले खूळ आहे असे नव्हे. रहस्यकथेत ते जुनेच आहे. धारवाडला एम.ए. करताना मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही कादंबरी घेतली होती. १९२६ सालची. तिच्यातला खुनी कोण यावरून वाचकांत फार वाद झाला. (ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी मी तोंड मिटून घेतो.) पण मला लक्षात राहिली ती गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरची बहीण, कॅरोलिन. अविवाहित, वयस्क, जिभेची तिखट. घराबाहेर फारशी पडत नाही, तरी गावातली बातमी डॉक्टर घरी येण्याआधी तिच्याकडे पोचलेली असते. नोकरमाणसे आणि दुकानदार हेच तिचे हेरखाते. शोध लावतो पॉयरो, कॅरोलिन आपली बाजूला. पण ख्रिस्तीबाईंचा जीव त्या पुस्तकात तिच्यावरच होता. १९२८ साली या कादंबरीवर 'ॲलिबाय' नावाचे नाटक आले. ते बेतणाऱ्यांनी कॅरोलिन काढून टाकली आणि तिच्या जागी एक तरुण, देखणी मुलगी घातली. बाईंना ते लागले. मिस मार्पल हे पात्र कॅरोलिन लिहिताना मिळालेल्या आनंदातून उगवले असावे, असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे.

यातली मला महत्त्वाची वाटते ती बाब अशी, की त्यांनी कॅरोलिनला उचलून दुसऱ्या पुस्तकात नेले नाही. तिचा भाऊ, तिचे घर, तिचा तो तिखटपणा सगळे होते तिथे राहू दिले आणि मूळ बीज तेवढे घेऊन नवे झाड लावले. नवे नाव, नवे गाव, खिडकीशी विणकाम. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' ही मार्पलबाईंची पहिली कादंबरी १९३० सालची, आणि पुढे एकूण बारा झाल्या. पहिलीत बाई जरा खवचटच आहेत, पुढे पुढे निवळत जातात. त्यांना सुरुवातीलाच म्हातारी केले ही आपली चूक झाली, असेही ख्रिस्तीबाईंनी लिहून ठेवले आहे; पात्र इतकी वर्षे चालेल हे कुणाला ठाऊक होते! आणखी एक. मार्पल हे आपल्या आजीचे चित्र नव्हे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, पण दोघींत एक गोष्ट सारखी होती असेही म्हटले आहे: दोघी प्रत्येकाविषयी वाईटच गृहीत धरत, आणि बहुतेक वेळा ते खरे निघे. हे वाचले तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा दिसला होता.

मार्जरी ॲलिंगहॅम यांची कथा याहून गमतीची. त्यांच्या १९२९ च्या 'द क्राइम ॲट ब्लॅक डडली' या कादंबरीचा नायक आहे जॉर्ज ॲबरशॉ नावाचा डॉक्टर. त्या वाड्यावर जमलेल्या पाहुण्यांत एक चष्मेवाला, बावळट चेहऱ्याचा, वाटेल ते बरळणारा तरुण आहे, अल्बर्ट कॅम्पियन. लेखिकेने नायक म्हणून कष्टाने उभा केला डॉक्टर, आणि पुस्तक खाऊन गेला हा. अमेरिकेतल्या प्रकाशकांनाही तोच आवडला. दुसऱ्या वर्षी 'मिस्टरी माइल' आली तेव्हा कॅम्पियन मधोमध आणि डॉक्टर हद्दपार. लेखिका १९६६ साली वारली तेव्हाही कॅम्पियनची एक कादंबरी अर्धी होती. ती तिच्या नवऱ्याने पुरी केली. पण त्या मालिकेत पुढे जाल तसा त्याचा बावळटपणा ओसरत जातो. तो मुखवटा होता असे आपल्याला कळू लागते. कळणारच. दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा विक्षिप्तपणा आपण मजेने पाहतो, पण तोच घरात राहायला आला की त्याच्याशी नीट बोलावे लागते.

उलट कॉनन डॉयलने होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट १८९३ सालच्या एका कथेत आणला, धाकट्याहून बुद्धीने वरचढ, आणि तरी त्याची मालिका केली नाही. कारण हा गृहस्थ खुर्चीतून उठायलाच तयार नाही. त्याच्या नावाच्या कादंबऱ्या लिहिल्या त्या इतरांनी, फार पुढे. त्यांतली एक अमेरिकेतला नामांकित बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार याने सहलेखिकेबरोबर लिहिली, २०१५ साली. बुद्धी असून भागत नाही, पात्राला पाय लागतात. गंगाक्काला ते होते. रोज पहाटे पंचवीस घरांच्या मागच्या दारी जाणारी बाई! पोलिसाला जिथे वॉरंट लागेल तिथे ती चरवी घेऊन सरळ आत जाते. म्हणजे कागदावर पाहता सगळे जुळत होते.

शेवटी जुलैत बसलो. कथा अशी जुळवली. अनगोळात एकटा राहणारा एक निवृत्त कारकून. पुसाचा महिना. गंगाक्का पहाटे पाचला दूध घेऊन जाते तो दार नुसते लोटलेले आणि म्हातारा आत मरून पडलेला. संशय पुतण्यावर, तो संध्याकाळी सहाला आला होता आणि रात्री नऊच्या बसने गेला. गंगाक्काला स्वयंपाकघरात वाडग्यात घट्ट लागलेले दही दिसते. म्हातारा रोज रात्री दहाला विरजण लावून झोपत असे, हे तिला माहीत. अर्थात दहाला तो जिवंत होता, अर्थात पुतण्या निर्दोष, अर्थात खुनी दुसरा कोणी. मी स्वतःवर खूश होतो. पण दोन पाने झाली आणि गंगाक्का हलेना. तिची ती मराठी चार ओळींत गोड लागे. दोन पानांत मलाच तिचा शीण आला. त्यातून ती मधोमध असल्यामुळे तिचे विचार लिहिणे आले, आणि ते विचारही मी त्याच मोडक्या मराठीत लिहीत होतो. 'दही बघितली, मनात म्हणाला.' हे वाक्य मी लिहिले, वाचले आणि कागद पालथा घातला.

त्यानंतर तीन आठवडे काही झाले नाही. ऑगस्टात एका रविवारी संध्याकाळी धो धो पाऊस लागला होता. आई मधल्या खोलीत वाती वळत होती. मी सहज विचारल्यासारखे विचारले, 'आई, थंडीत दही लागायला किती वेळ लागतो गं?'

'कशाला?'

मी काही बोलायच्या आत सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, 'गोष्टीत हवं असेल त्यांना. यंदा सगळी गोष्ट गंगाक्काचीच आहे ना!'

'कोण गंगाक्का?' आईने विचारले.

दूधवाली आहे, मी म्हणालो. तिने वातींचे तबक बाजूला सारले आणि म्हणाली, 'वाच.'

इथे एक खुलासा करतो. आईचे बोलणे मी या लेखात सरळ मराठीत देत आहे. का, ते पुढे येईलच.

मी वाचू लागलो. गंगाक्काची वाक्ये आली की माझी जीभ आपोआप ती दुरुस्त करू लागली. दही बघितले, म्हणाली, बाई गेली. शाळेत प्रार्थना सांगावी तसे शुद्ध. दोन पाने अशी गेली. आई ऐकत होती. मग म्हणाली, 'यात हसण्यासारखं काय आहे? सूनबाई तर दरवर्षी हसत वाचते.' सौ. दारात येऊन उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि आत निघून गेली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. या वेळी लिहिले होते तसे.

वाचून झाल्यावर पावसाचा आवाज तेवढा होता. मी कागदांच्या कडा जुळवत बसलो.

'चुकलंय,' आई म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला.

'पुसाच्या थंडीत रात्री दहाला विरजलेलं दही पाचाला घट्ट लागतं होय? पाणी असेल ते. ते दही दुपारचं आहे. सकाळच्या दुधाचं.'

मी वही ओढली. तिचे पुढे चालूच होते. 'मग संध्याकाळचं दूध कुठं गेलं? सातला ही बाई दूध घालून गेली म्हणतोस. ते कुठं आहे?' ते कुठे आहे हे मला माहीत नव्हते. मी ते कुठेच ठेवलेले नव्हते. 'ते चुलीपाशीच असेल. त्यावर साय होती काय?'

'साय?'

'दूध आलं की माणूस आधी तापवतो. तापवलं की साय धरते. साय नसेल तर तापवलेलं नाही. तापवलेलं नाही म्हणजे सातनंतर त्याचा हात चुलीला लागलाच नाही. तेव्हा घरात कोण होतं? पुतण्या. आणि तू त्यालाच सोडून दिलास!'

मी थक्क होऊन पाहत राहिलो. ती वाती वळायला लागली होती. 'आमचा पुरुषोत्तम असता तर त्याला पहिल्या पानात कळलं असतं,' म्हणाली. कोण पुरुषोत्तम? मग निघाले ते असे, की लग्नाआधी माहेरी तिने एन. नरसिंहय्यांच्या कन्नड पत्तेदारी कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम. धाकटा मामा कुठूनतरी आणी आणि ती गोठ्यात बसून वाची. तिच्या वडिलांच्या हाती लागले की ते पुस्तक चुलीत. इकडे मी बंबात जळणाऱ्या झुंजारसाठी रडत होतो, तेव्हा माजघरात बसलेल्या या बाईला ते दुःख पुरेपूर ठाऊक होते, आणि पन्नास वर्षांत आमचे यावर एकदाही बोलणे झालेले नव्हते. मी तिला विचारलेच नव्हते. आमच्या घरात पुस्तक म्हणजे मराठी पुस्तक.

रात्री तिला औषध द्यायला गेलो. दिवा मालवणार तेवढ्यात ती म्हणाली, 'तम्मा, ती बाई बोलते ते वाचून लोक हसतात?'

'हसतात,' मी म्हणालो. खोटे बोलण्यात आता अर्थ नव्हता.

'मी बोलते तशी बोलते ती.'

यावर मी काय बोलणार? म्हणावेसे वाटले की ते प्रेमाने आहे, हसू म्हणजे काही हिणवणे नव्हे, लोकांना ती किती आवडते. शाळेत कुणी कुणाला चिडवले की मुले हेच मला सांगतात. मी पांघरूण सारखे करत राहिलो.

थोड्या वेळाने तिने विचारले, 'तिच्या घरी कोण कोण आहे?'

'अजून काही ठरवलेलं नाही. घर दाखवलेलंच नाही तिचं.'

'सात वर्षं झाली ना? आणि घर नाही?' मग ती कन्नडात बोलू लागली. दमली की ती कन्नडात येते. 'घरी ती कन्नडच बोलणार. सुनेशी, म्हशीशी, देवाशी. ते तू मराठीत लिहिणार ना?'

'हो.'

'मग ते नीट लिही. माझी आई काही चुकीचं कन्नड बोलत नव्हती.'

मी दिवा मालवला. त्या रात्री बारानंतर पुन्हा लावला तो माझ्या खोलीत.

माझी अडचण काय होती हे मला एम.ए. होऊन कळले नव्हते. गंगाक्का सात वर्षे दुसऱ्यांच्या दारात उभी होती, म्हणून ती दुसऱ्यांच्या भाषेत बोलत होती. तिच्या घरात कथा नेली की ती आपल्या भाषेत बोलणार, आणि आपल्या भाषेत कुणी अडखळत नाही. म्हणून मी कथा तिच्या घरापासून सुरू केली. दोन खोल्या, मागे गोठा, एक म्हैस, एक रेडकू, बैलहोंगलकडून आणलेली जोंधळ्याची कणगी. घरातले बोलणे स्वच्छ मराठीत, आपण घरात बोलतो तसे. तिचे विचारही तसेच. गावात शिरल्यावर, लोकांच्या मागच्या दारी, तिची ती मोडकी मराठी. तीही कथेभरात चार-पाच वाक्ये. आणि ती मोडकी वाक्ये ऐकून समोरचा माणूस तिला खुळी समजतो, तिच्यासमोर नको ते बोलून जातो. कॅम्पियनचा मुखवटा मला कळला तो असा. साय नसलेले दूध तिने पाहिले. पुतण्या सापडला.

वाईटही पुष्कळ लिहिले. पहिल्या खर्ड्यात मी भरपाई म्हणून तिला इतकी शहाणी, इतकी सोशिक करून ठेवली की आईच वैतागली. 'एकदासुद्धा दुधात पाणी घालत नाही होय ही? मग म्हशीला पेंड कुठून आणते?' तेव्हापासून गंगाक्का दुधात पाणी घालते. फार नाही.

कथा २०१७ च्या अंकात आली. छापखान्यात कुणीतरी तिची ती चार-पाच वाक्येसुद्धा शुद्ध करून टाकली होती, त्यामुळे एका घरमालकिणीने तिला खुळी का ठरवले याचा वाचकाला पत्ताच लागला नाही. असो. काही पत्रे आली. निपाणीच्या एका जुन्या वाचकाने लिहिले की कथा चांगली आहे, पण पूर्वीची गंमत गेली. आणि रणधीर कुठे आहे? दुसऱ्या एकाने स्पष्टच लिहिले की आपण आता हसवत नाही. खरे आहे. स्नेहसंमेलनात त्यानंतर कुणी तिचा प्रवेश बसवला नाही. संपादकांनी मात्र पुढच्या जूनच्या कार्डावर फक्त 'गंगाक्का' एवढेच लिहिले, खाली सही.

तेव्हापासून दर ऑगस्टात पहिला खर्डा मधल्या खोलीत वाचला जातो. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. मोतीबिंदू काढले, तरी बारीक अक्षर दिसत नाही. कन्नड वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचते. कान तिखट आहेत. खुनी तिला बहुतेक वेळा माझ्याआधी कळतो, आणि कळला की ती सांगत नाही, नुसती 'हं' म्हणते. त्या 'हं'वरून मी कथा बदलतो.

यंदा, निपाणीकरांच्या आग्रहास्तव म्हणा, रणधीरला परत आणले आहे. निवृत्त झालाय, जीप विकलीय, बेळगावातच एक खोली भाड्याने घेऊन राहतो. पहिल्याच प्रसंगात तो सकाळी गंगाक्काच्या दाराशी हातात रिकामी बरणी घेऊन उभा आहे. एकटा माणूस, दूध हवे आहे, शिवाय एक भानगड विचारायची आहे. कन्नड येत नाही, त्यामुळे काय बोलावे ते त्याला सुचत नाही. मी इथवर वाचले आणि थांबलो, कारण पुढचे लिहिलेले नव्हते.

'उभा काय ठेवलास त्याला?' आई म्हणाली. 'आत ये म्हण. बस म्हण.'